एका किलोला एक ग्रॅम सोने

२०१३ च्या रमझानमध्ये दुबईच्या महानगरपालिकेने एक योजना काढली होती. तीस दिवसांत निदान दोन किलो वजन उतरवा आणि उतरलेल्या प्रत्येक किलोमागे एक ग्रॅम सोने घेऊन जा. हजारो माणसांनी नावे नोंदवली. पुढच्या वर्षी योजना पुन्हा आली, आणि त्या वेळी ज्याचे वजन जास्त उतरेल त्याला किलोमागे दोन-तीन ग्रॅमपर्यंत सोने ठेवले होते.

गेली काही वर्षे मी हिवाळ्यात दुबईत लेकीकडे राहते. करामा भागात आपल्या मराठी बायका भेटल्या की ही गोष्ट अजून निघते. सोने आणि वजन, दोन्ही आपल्या जिव्हाळ्याचे विषय. एक वाढावे, दुसरे घटावे! मलाही ती योजना ऐकून पहिल्यांदा गंमत वाटली. सरकारला लोकांच्या तब्येतीची काळजी वाटते हे चांगलेच. पण मी आयुष्यभर आहारतज्ज्ञ म्हणून काम केले आहे, त्यामुळे माझे बोट लगेच हिशेबाकडे गेले, आणि हिशेब मला पटला नाही.

एक किलो चरबी म्हणजे ढोबळ मानाने ७,७०० कॅलरी. तीस दिवसांत दोन किलो चरबी उतरवायची तर रोज पाचशेच्या वर कॅलरी कमी पडायला हव्यात. शंभर किलोच्या तरुण माणसाला ते जमेल. पण दहा किलो उतरवायचे म्हटले तर रोजची तूट अडीच हजारांच्या पुढे जाते. आपल्यातल्या साठी ओलांडलेल्या बाईचे दिवसाचे सगळे जेवणच तेवढे नसते. मग काट्यावर जे दहा किलो कमी दिसतात ते आले कुठून? थोडे चरबीतून, बरेचसे पाण्यातून आणि उरलेले हातापायांच्या मांसातून. सोनार निदान सोने आगीत घालून बघतो की यात कस किती आणि भेसळ किती. वजनकाटा तसे काही बघत नाही. काय गेले हे त्याला कळत नाही, फक्त किती गेले ते कळते.

ती योजना संपून बरीच वर्षे झाली, पण तो विचार दुबईत मुरला आहे आणि तिथून फोनवरून ठाण्याला, अलिबागला, अश्दोदला, बीरशेबाला पोहोचतो आहे. तो एका आहारपत्रकाच्या रूपाने येतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या फोनमध्ये ते असेल. सकाळी गरम पाणी आणि लिंबू, नाश्त्याला पपई, दुपारी एक फुलका आणि दुधी, चार वाजता ग्रीन टी, रात्री सूप. खाली ठळक आकडा : १२०० कॅलरी. लेकीने आईला पाठवले, आईने मावशीला, मावशीने प्रार्थनालयातल्या चार मैत्रिणींना. चाळीस वर्षांच्या उंच लेकीला, सदुसष्ट वर्षांच्या ठेंगण्या आईला आणि चौऱ्याहत्तरच्या मावशीला एकच पत्रक! चष्म्याचा नंबर आपण असा वाटून घेत नाही.

हा बाराशेचा आकडा आला कुठून? अमेरिकेत लुलू हंट पीटर्स नावाच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्या स्वतः चांगल्याच जाड होत्या आणि वजन उतरवून बसल्या होत्या. त्यांनी १९१८ मध्ये कॅलरी मोजून जेवायला शिकवणारे पुस्तक लिहिले. ते तिकडे भरपूर खपले, आणि बायकांनी वजन उतरवायला दिवसाला बाराशे कॅलरींवर राहावे ही कल्पना त्यातून घरोघरी गेली. म्हणजे आकडा शंभर वर्षांहून जुना. त्यात बाईचे वय धरलेले नाही, उंची धरलेली नाही, आणि ती दिवसभर बसून असते की तासभर चालून येऊन घरकाम करते, तेही नाही.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. युरोपात भुकेने खंगलेल्या माणसांना पुन्हा कसे जेवू घालावे हे शिकायचे होते. चोवीस आठवडे त्या मुलांना दिवसाला साधारण १,५७० कॅलरी दिल्या आणि आठवड्याला बावीस मैल चालायला लावले. त्यांचे वजन जवळजवळ चौथ्या हिश्शाने उतरले. त्यांना सतत थंडी वाजे, जिने चढवेनात, चिडचिड वाढली, डोक्यात दिवसभर जेवणाशिवाय विचार येईना. ते पुरुष होते, तरुण होते, त्यांची गरज आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त, हे मान्य. तरी शास्त्रज्ञांनी ज्याला उपासमार म्हटले ते १,५७० होते, आणि आपण १,२०० वर राहून वर रोज पाच किलोमीटर चालून येतो आणि त्याला आरोग्य म्हणतो, याचा जरा विचार करावा.

मग कितीवर राहावे? थोडे गणित करू. कागद-पेन्सिल घ्या.

१९९० पासून डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ एक सूत्र वापरतात, मिफ्लिन-सेंट जॉर नावाचे. बाईसाठी ते असे : किलोतल्या वजनाला दहाने गुणा. सेंटिमीटरमधल्या उंचीला सव्वासहाने गुणा. दोन्हींची बेरीज करा. त्यातून वयाची पाचपट वजा करा आणि आणखी १६१ वजा करा. आलेला आकडा म्हणजे दिवसभर नुसते पडून राहिले तरी श्वास, हृदय, मेंदू, मूत्रपिंडे चालवायला शरीराला लागणाऱ्या कॅलरी.

समजा एक आई आहे, ६६ वर्षांची, १५२ सेंटिमीटर उंच, ६८ किलो वजनाची. ६८० अधिक ९५०, त्यातून ३३० आणि १६१ गेले. राहिले १,१३९. हा पडून राहण्याचा खर्च झाला. हालचालीसाठी याला आणखी एका आकड्याने गुणायचे. घरात बसून असणारीसाठी १.२, हलके फिरणारीसाठी १.३७५, आठवड्यातले बहुतेक दिवस भरभर चालणारी आणि वर घरकाम करणारीसाठी १.५५. आपली आई जर खरोखर चालणारी असेल तर तिचा खर्च होतो १,७६५. त्यातून साडेतीनशे कमी केले तर तिने १,४०० च्या आसपास जेवावे. महिन्याला एक-सव्वा किलो उतरेल. हळू वाटेल, पण उतरलेले बहुतांशी चरबीतले असेल.

तिची लेक चाळीस वर्षांची, १६० सेंटिमीटर, ७२ किलो, नोकरी करून आठवड्यातून चार-पाच दिवस व्यायामशाळेत जाणारी. तिचा पडून राहण्याचा खर्चच १,३५९ येतो आणि चालता-फिरता खर्च २,१०० च्या पुढे. तिने पाचशे कमी केले तरी १,६०० खायला हवे. बाराशेचे पत्रक तिला बिछान्यात पडून राहायलासुद्धा पुरत नाही, आणि ती त्यावर वजने उचलते.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. आपण सगळ्या जणी स्वतःला वरच्या आकड्यात बसवतो. करामाहून झबील पार्कात जाऊन बाकावर गप्पा मारून येणे म्हणजे १.५५ नव्हे. तीच ६६ वर्षांची आई हलके फिरणारी असेल तर तिचा खर्च १,५६६ च येतो, आणि तिला १,३०० बरोबर ठरते. तासभर बऱ्यापैकी चालीने चालले तर आपल्या वजनाच्या बाईचा बसून राहण्यापेक्षा दीडशे-पावणेदोनशे कॅलरी जास्त खर्च होतो, त्याहून नाही. दुबईत चालून झाल्यावर करक चहाची पद्धत आहे, आटवलेल्या दुधाचा, दोन चमचे साखरेचा. एक छोटा पेला करक आणि एक समोसा, की चाललेले सगळे फिटले. म्हणून जी म्हणते "मी इतकी चालते तरी उतरत नाही", तिला मी आधी चालून आल्यानंतरच्या अर्ध्या तासाबद्दल विचारते.

चालण्याची सोय मात्र दुबईने उत्तम केली आहे, हे मान्य करायला हवे. २०१७ पासून दरवर्षी महिनाभर रोज तीस मिनिटे व्यायामाची मोहीम असते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, बाहेर पाऊल टाकवत नाही अशा उन्हाळ्यात, मोठे मॉल सकाळी सात ते दहा चालणाऱ्यांसाठी मोकळे ठेवले होते. गार हवा, सपाट फरशी, ठेच लागायची भीती नाही. साखरेच्या पेयांवर त्यांनी कर बसवला : सोड्याच्या पेयांवर २०१७ मध्ये, बाकीच्या गोड पेयांवर २०१९ मध्ये, पन्नास टक्के. हे मला सोने वाटण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचे वाटते.

लेकीच्या इमारतीत एक बाई राहतात, सदुसष्टच्या. मुलगा-सून दोघे नोकरीला, नातवंडांचे सगळे त्याच बघतात. त्यांना सुनेने ते पत्रक दिले, प्रेमानेच दिले. बाई शिस्तीच्या. तीन महिन्यांत सहा किलो उतरले. बांगड्या ढिल्या झाल्या, सगळ्यांनी कौतुक केले, मीही केले असते. मग एके दिवशी त्यांच्याकडे चहाला गेले तर त्या सोफ्यावरून उठताना दोन्ही हातांनी जोर लावत होत्या, आणि तरी दुसऱ्या खेपेला उठल्या. मी विचारले, "हे कधीपासून?" तर सून म्हणाली, "मावशी, वजन कमी झाले ना, आता गुडघ्यांना बरेच आहे की!" गुडघे दुखत नव्हते हे खरे होते. मांड्यांत बळ नव्हते.

साठीनंतरच्या उपाशी राहण्यातला खरा धोका हा आहे. शरीराला चरबी आणि मांस दोन्हींतून उचल करता येते. पहिल्या आठवड्यात जे झरझर उतरते ते बहुतेक पाणी असते. पुढे, जेवण फार कमी आणि त्यात प्रथिनेही कमी असली, की स्नायू झिजतात. तिशीतली मुलगी ते व्यायामाने परत मिळवते. आपल्या वयात परत मिळवणे फार कठीण असते. वर महिन्या-दोन महिन्यांनी कंटाळून पत्रक सोडले की वजन परत येते, आणि ते येते चरबी होऊन. असे दोन-तीनदा झाले की काट्यावर आकडा जुनाच, पण पाय पूर्वीसारखे नाहीत. मग न्हाणीघरात पाय सटकतो. पुढचे मी लिहीत नाही, आपल्या प्रत्येक कुटुंबात खुब्याचे हाड मोडलेली एक तरी आजी आहे.

याचा अर्थ वजन उतरवूच नये असा घेऊ नका. पोट सुटलेले असेल, साखर आणि रक्तदाब असेल, तर वजनातले पाच टक्के कमी झाले तरी फरक दिसतो. बाईच्या कमरेचा घेर ऐंशी सेंटिमीटरच्या पुढे असेल तर लक्ष द्यावे. पण सत्तरी ओलांडलेली, आधीच सडपातळ आणि केवळ लग्नात साडी चांगली दिसावी म्हणून उतरवणारी बाई, तिने हा नाद सोडावा असे माझे स्पष्ट मत आहे.

कमी करायचे ते कुठून करायचे? आपल्या स्वयंपाकघरात याचे उत्तर आहे. कोकणात आपल्याला शनवार तेली म्हणत. घाण्यावर तेल गाळणारी आपण माणसे, तर तेलाचा हिशेब आपल्याला तरी कळावा. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. वाटीभर दाट नारळाचे दूध तीनशेच्या घरात. मांसाबरोबर दूध-दही चालत नाही म्हणून आपली आमटी, आपला हलवा, सगळे नारळाच्या दुधावर चालते, आणि ते मी कुणाला सोडायला सांगणार नाही. दाट दूध शेवटी दोन चमचे घाला, बाकीचे पातळ वापरा. फोडणीचे तेल भांड्यातून ओतू नका, चमच्याने मोजा. एवढ्यानेच बऱ्याच घरांत रोजचे अडीच-तीनशे सुटतात, आणि ताटातला घास एकही कमी होत नाही.

जे कमी करायचे नाही ते प्रथिनांचे. आपल्या वयाला वजनाच्या दर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे साठ किलोच्या बाईला साठ-सत्तर. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.) पत्रकातल्या पपई, दुधी आणि सुपात मिळून वीससुद्धा भरत नाहीत. एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम सुरमईत किंवा इकडच्या हमूरमध्ये वीसच्या आसपास. आणि वालाचे बिरडे! बिरड्याचा सण आपण वर्षातून एकदा पाळतो, पण मोड आलेले वाल महिन्यातून चारदा शिजवायला कुणी अडवलेले नाही. दुपारी मटण असेल तर दही सकाळीच खाऊन घ्यावे, नाहीतर दिवसभर राहूनच जाते. हे मी घरोघरी पाहिले आहे. आणि तिन्ही जेवणांत प्रथिने थोडी थोडी असावीत. सगळी दुपारच्या ताटात घालून सकाळ-रात्र चहा-बिस्किटावर काढू नये.

एलियाहू हन्नाबीच्या मलिद्याबद्दल मला दर वेळी कुणीतरी विचारते. मलिदा खा. तो रोज नसतो. रोजचा असतो तो खजूर, आणि दुबईत तो प्रत्येक टेबलावर. मोठा मऊ मेदजूल खजूर एकच सुमारे ६५ कॅलरींचा. दोन खाल्ले की एका चपातीहून जास्त झाले. बारीक जातीचा घ्या, दोन घ्या, पुरे.

अबू धाबीत सादियात बेटावर २०२३ मध्ये मशीद, चर्च आणि सिनेगॉग एका आवारात उघडले. तिथल्या सिनेगॉगला मोशे बेन मैमोन यांचे नाव आहे, आपले रांबाम. ते स्वतः वैद्य होते. त्यांनी मिश्ने तोरामध्ये सांगितले आहे की पोट भरेपर्यंत जेवू नये, तृप्तीच्या चौथा हिस्सा अलीकडे थांबावे. आणि जेवणाआधी शरीराला श्रम द्यावेत. त्यांच्याकडे ना काटा होता, ना कॅलरीची कल्पना. पण आपल्या चालणाऱ्या आईच्या १,७६५ मधून चौथा हिस्सा वजा करून पाहा, १,३२४ येतात. आपल्या १,४०० च्या जवळच. मी याला शास्त्रीय पुरावा म्हणत नाही, पण आठशे वर्षांपूर्वीचा तो वैद्य फोनवरच्या पत्रकापेक्षा जास्त उदार होता एवढे नक्की. त्याने चौथाच हिस्सा काढून घेतला.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना गाठलेच पाहिजे. औषध तेवढेच आणि अन्न अर्धे झाले तर साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, भोवळ येते. आणि ही नवी वजन उतरवण्याची इंजेक्शने. दुबईत ती अनेक जणी घेतात, आता भारतातही आली. काहींना ती खरोखर लागतात. पण त्यांनी भूक इतकी मरते की बाई चार घासांवर उठते. इंजेक्शन चालू असेल तर ताटातले आधी अंडे-मासे-बिरडे खावे, भात नंतर. बाराशेच्या खाली तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कुणीच जाऊ नये.

काटा हवाच असेल तर आठवड्यातून एकदा, सकाळी, उपाशीपोटी. त्याच्या जोडीला मी त्या शेजारच्या बाईंना एक चाचणी शिकवली. सरळ पाठीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. दोन्ही हात छातीवर घडी घालून बसायचे. घड्याळ लावून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून परत बसता येते ते मोजायचे. जवळ कुणीतरी उभे असावे. ६५ ते ६९ वर्षांच्या बाईला निदान अकरा वेळा, ७० ते ७९ मध्ये दहा, ८० ते ८४ मध्ये नऊ वेळा जमायला हवे. त्यांना पहिल्या दिवशी सहा जमले. आता त्या चौदाशेवर जेवतात, सकाळी दोन अंडी खातात, रोज दुपारी त्याच खुर्चीवर दहा-दहाच्या दोन खेपा उठतात-बसतात. परवा लेकीचा फोन आला होता. वजन दोन किलो परत चढले आहे, सून जरा नाराज आहे, आणि खुर्चीचा आकडा बारावर गेला आहे.